आपांचे पडद्यावरचे हात

एका सॉफ्टवेअरसाठी कोणी एवढं जिवाला लावून घेतं का, असं माझा नवरा गेल्या वर्षी मला विचारत होता. रोज विचारायचा आणि रोज आमचं भांडण व्हायचं. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही माहीत आहे, पण हा राग वेगळा होता. तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं, म्हणून बिचाऱ्या नवऱ्यावर निघायचा.

मी अमरावतीत राहते. घरीच चित्रकलेचे क्लास घेते आणि उरलेल्या वेळात कार्टून करते. कार्टून म्हटलं की लोक विचारतात, टीव्हीवर येते का? नाही येत. लग्नपत्रिकेत नाचणारे नवरा-नवरी, कोचिंग क्लासच्या जाहिरातीत चष्मा लावलेलं घुबड, वरूडच्या एका नर्सरीसाठी डोळे मिचकावणारं संत्रं, असली माझी कामं. ते संत्रं तर एवढं चाललं की नर्सरीवाल्यानं ट्रॅक्टरच्या मागेही ते रंगवून घेतलं. डोळे मात्र पेंटरला जमले नाहीत, ते तिरळे झाले.

हे सगळं मी ज्या सॉफ्टवेअरवर करायची ते फार कोणाला माहीत नव्हतं. परदेशातले एक नवरा-बायको ते घरी बसून बनवायचे आणि विकायचे. त्याची खुबी अशी, की हात एकदाच काढायचा, प्रत्येक बोटाला, प्रत्येक पेराला सांधा द्यायचा, आणि मग कळसूत्री बाहुलीसारखा तो हवा तसा वळवायचा. बोटांचं काम इतकं सुबक दुसऱ्या कशातच होत नव्हतं. किंमत ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता. तेवढ्यात नवा फ्रिज आला असता. पण त्यावर लिहिलं होतं, एकदाच पैसे भरा, कायमचं तुमचं. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं महिन्याच्या भाड्यानं मिळतात, आणि मला ते भाडं कधीच पटलं नाही. घर माझं, कॉम्प्युटर माझा, विजेचं बिल मी भरणार, अन् पेन्सिलीचं भाडं दर महिन्याला यांना? काहून बाप्पा? म्हणून साठवून साठवून मी ते विकत घेतलं. पुढे जेव्हा जेव्हा नवी आवृत्ती आली तेव्हा तिचेही पैसे भरले.

विकत घेतलं, हे मी येईल त्याला सांगायची. आमच्याकडे सॉफ्टवेअर कोणी विकत घेत नाही. पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेली चोरीची प्रत, मिळतो, तोच सगळे टाकतात. माझ्या क्लासला अकोल्याच्या जुन्या शहरातला एक मुलगा यायचा, कॉलेजसाठी इथे मामाकडे राहिलेला. हात चांगला होता त्याचा. त्यानं एक दिवस याच सॉफ्टवेअरचा क्रॅक कुठून तरी आणला आणि मला दाखवला, मोठ्या कौतुकानं. मी सगळ्या क्लाससमोर त्याला चोर म्हटलं. तेवढ्यावर थांबले नाही, लेक्चरही दिलं. दोन माणसं रात्रंदिवस राबून एक गोष्ट बनवतात आणि तू फुकटात लाटतो, वगैरे. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट, बरं केलं असंच वाटलं.

आता आपा. आपा अकोल्याच्या, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांचं घर. कर्णबधिर मुलांच्या एका छोट्या शाळेत त्या शिकवतात. शाळेत सगळे त्यांना आपा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. चित्रकलेच्या शिबिरासाठी मी त्या शाळेत गेले होते, तेव्हा त्यांना वर्गात पहिल्यांदा पाहिलं. मी आयुष्यभर माणसांचे हात काढत आले, पण असे हात पाहिले नव्हते. कपाशीची पऱ्हाटी, तुरीची शेंग, एसटी, मामाचं गाव, सगळं त्या दोन हातांत होतं आणि समोरची दहा-बारा पोट्टी खिदळत होती. या खुणा पुस्तकातल्या नव्हत्या. तिथल्या तिथे, त्या शाळेत, आपा आणि त्यांच्या आधीच्या शिक्षिकांनी पोरांसोबत बसून ठरवलेल्या होत्या.

आपांची एकच तक्रार होती. पोरं शाळेत बोलतात आणि घरी गेली की मुकी होतात, कारण आईबापांना खुणा येत नाहीत. मी म्हटलं, मग तुमचा व्हिडिओ काढून आईबापांच्या मोबाइलवर पाठवू. आपांना ते चालणार नव्हतं.

"चेहरा माझा नको ताई. कोणाच्या मोबाइलवर कुठे फिरीन, काय भरोसा? हात घ्या माझे."

म्हणून मी त्यांचे हात घेतले. दर दुसऱ्या शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, लॅपटॉप मांडीवर धरून अकोल्याला जायचं. आपा माझ्या शेजारी बसून हात एका ठिकाणी धरून ठेवायच्या, मी ते स्क्रीनवर उतरवायची. अंगठा जरा बाहेर राहिला की त्या माझं मनगट पकडायच्या. असं करत दीड-दोन वर्षांत आम्ही एक बाई तयार केली. ओढणी घेतलेली, साध्या चेहऱ्याची, कोणासारखीच न दिसणारी, पण हात तंतोतंत आपांचे. मग माझं काम सोपं झालं. आपा फोनवर वाक्य सांगायच्या, मी घरी बसून ती बाई वळवायची आणि व्हिडिओ पाठवून द्यायची. पैशाचा प्रश्नच नव्हता, शाळेजवळ नव्हते आणि मी मागितले नव्हते. पोरांच्या आया ते व्हिडिओ बघून शिकल्या. मला फार अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग आपांचे हात थरथरायला लागले. पहिल्यांदा चहाच्या कपाची बशी वाजली, तेव्हा आम्ही दोघी हसलो. वर्षभरात ते इतकं वाढलं की खडूनं सरळ रेघ निघेना. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, हा थरथरीचाच आजार आहे. मांडीवर हात ठेवले तर शांत, कामासाठी उचलले की सुरू. गोळीनं थोडं कमी व्हायचं, थांबायचं नाही. आपल्यासारख्याला एवढं झालं तर आपण चमच्यानं भात खाऊ. आपांचं मात्र बोलणंच हातात होतं. पोरांच्या भाषेत थंडीची खूण थरथरत करतात, भीतीचीही तशीच. आपा म्हणत, उद्या सहल आहे, आणि पोरं विचारत, आपा, तुम्हाला भीती काहून वाटून राहिली?

शाळेच्या संस्थेनं सुचवलं की तुम्ही आता लवकर निवृत्ती घ्या. आपांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. त्यांना घ्यायची नव्हती, कारण दुसऱ्या शिक्षिकेची जागा कधीची रिकामी होती. नवीन कोणी आलं असतं तरी पुस्तकातल्या खुणा घेऊन आलं असतं, या पोरांच्या नाही. तेव्हा त्यांनीच तोड काढली. वर्गात एक टीव्ही होता. उद्याचा धडा आपा मला आदल्या दिवशी फोनवर सांगणार, मी ती वाक्यं पडद्यावरच्या बाईकडून बोलवून घेणार, आणि आपा टीव्हीशेजारी उभं राहून पोरांकडे बघणार. पडद्यावरच्या बाईचे हात थरथरत नव्हते. नवा शब्द पोरं तिच्याकडून शिकायची. दोन वर्षं हे असं बिनबोभाट चाललं. माझी जाहिरातीची कामं मागे पडली, पण एकाही दिवशी धडा चुकवला नाही मी.

आणि मग मीच माती खाल्ली.

लॅपटॉप हळू झाला होता. आमच्याकडे कॉम्प्युटरचं काहीही दुखलं की एकच औषध, फॉर्मॅट मारायचा. ओळखीच्या दुकानात नेऊन दिला आणि तोंडानं म्हटलं, सगळं साफ करून दे. माझ्या फायली मी आधीच दुसरीकडे उतरवून घेतल्या होत्या, मी काही बावळट नाही. त्यानं दोन दिवसांत मशीन चकाचक करून दिलं, आत नवी डिस्क टाकली, आणि प्रेमापोटी दहा-बारा क्रॅक केलेली सॉफ्टवेअरंही फुकटात भरून दिली. मी त्याला झापलं, ती काढायला लावली. तो म्हणाला, तुमचं टाका न मग तुमी, बिल आहे न तुमच्याजवळ.

बिल होतं. विकत घेताना मिळालेला नंबर होता. ज्या फाइलमधून सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं तीही होती. नंबर घातला तर स्क्रीनवर आलं, तपासणी करत आहोत, थांबा. थांबले. चहा झाला, स्वयंपाक झाला, तरी तेच. शेवटी आलं, संपर्क होत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर गेले, तर तिथे पाटी होती की हा पत्ता विकणे आहे.

त्या परदेशातल्या माणसाला मी मेल लिहिली. माझं इंग्रजी क्लासपुरतं, तरी दोन पानं लिहिली, आपांबद्दल, पोरांबद्दल सगळं. आठ दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य माणूस. त्यानं लिहिलं होतं की आम्हा दोघांना ते परवडेना, घेणारे फार थोडे उरले होते, म्हणून एका मोठ्या कंपनीला विकून टाकलं. नंबर खरा की खोटा हे तपासणारं मशीन त्या कंपनीनं बंद केलं. मी आता वेगळी नोकरी करतो, माझ्या हातात काही नाही, तुमच्या आपांना नमस्कार सांगा. नमस्कार! त्याचा नमस्कार घेऊन मी काय करू? मग त्या मोठ्या कंपनीला लिहिलं. त्यांनी ताबडतोब उत्तर दिलं. जुने ग्राहक म्हणून आमचं सॉफ्टवेअर पहिलं वर्षभर निम्म्या भाड्यात देऊ, म्हणाले. त्यात माझ्या फायली उघडतील का? नाही उघडणार. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या भाड्याला मी बारा वर्षं नाही म्हटलं, तेच पुन्हा माझ्या दारात, आणि वर उपकार केल्यासारखं!

आपांकडे जुने व्हिडिओ होते, ते चालत होते. पण रोजचं नवं बोलणं बंद झालं. टेप जवळ आहे आणि गाणारी बाई गेली, असा प्रकार. मी आपांना म्हटलं, थोडे दिवस जुन्यावर भागवा, काहीतरी करते. त्या म्हणाल्या, हाव, आरामात करा ताई. त्या आरामात म्हणाल्या याचाही मला राग आला.

काहीतरी म्हणजे काय, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती एवढंच. शेवटी, ज्याला क्लासमध्ये चोर म्हटलं होतं, त्या मुलाच्या अकोल्यातल्या दुकानात गेले. आता तो मुलगा राहिला नव्हता, दाढीत दोन पांढरे केस होते. लग्नाच्या शूटिंगचं दुकान, बाहेर दोन गाड्या, आत त्याची बायको हिशोब बघत होती. मला पाहून तो उठून उभा राहिला, बायकोला म्हणाला, माझ्या मॅडम आहेत, आणि चहा सांगितला. मी चहा पिता पिता विषय काढला. त्याच्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर होतं. चालत होतं. चोरलेलं होतं म्हणून त्याला कोणाला विचारायचंच नव्हतं की मी चालू का. मी पैसे मोजून घेतलेलं बंद, याचं फुकटचं धडधडीत चालू.

तो तोंडातून एक अक्षर वाकडं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. माझा पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडायला गेला, आणि निरोप आला की ही फाइल नव्या आवृत्तीत बनलेली आहे, इथे उघडणार नाही. त्याची आवृत्ती माझ्यापेक्षा दोन पायऱ्या जुनी होती. मी दरवेळी पैसे भरून पुढे गेले होते, हा चोरून जिथे होता तिथेच राहिला होता. मी मान खाली घालून विचारलं, शेवटच्या आवृत्तीचा क्रॅक मिळेल का कुठे? हे मी विचारलं, मी! त्यानं दोन दिवस शोधलं आणि मग फोन केला.

"नाई मिळत मॅडम. कोनाले पाहिजेच नव्हतं न ते, तं कोन फोडीन?"

फोन ठेवून मी हसले आणि मग रडले. इतकं लहान सॉफ्टवेअर, की चोरानंही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. थोडे दिवस गेल्यावर मी त्याला पुन्हा फोन केला आणि त्या दिवशी चोर म्हटल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, मॅडम, चोरलेलं तं होतंच.

मग मी दुसरं एक सॉफ्टवेअर घेतलं, फुकट मिळतं तसलं, जगभरातले लोक मिळून सांभाळतात म्हणे. म्हटलं, निदान याला कोणी विकून टाकणार नाही. पण बाई पहिल्यापासून घडवायची होती. जुने व्हिडिओ थांबवून थांबवून आपांची बोटं पुन्हा गिरवायची, प्रत्येक पेराला सांधा द्यायचा. त्या सॉफ्टवेअरमध्ये बोट वळवलं की तळवा फाटायचा. तो सांधता सांधता महिने गेले. सुरुवातीला आपा बसून दाखवायच्या म्हणून दीड-दोन वर्षांत झालं होतं. आता त्या दाखवू शकत नव्हत्या. मी फोन केला की त्या म्हणायच्या, तोपर्यंत मी माझ्या हातांनी निभावते, तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका. मला वाटायचं, निभावताहेत.

पाच धडे तयार झाले, तशी मी पेनड्राइव्ह घेऊन अकोल्याला गेले. खूप दिवसांनी मनावरचं ओझं थोडं उतरलं होतं. गाडीत शेजारच्या बाईला मी उगीचच माझी सगळी हकीकत सांगितली. शाळेत पोहोचले तेव्हा वर्ग भरला होता. मी पेनड्राइव्ह पुढे केला. आपांनी तो घेऊन टेबलावर ठेवला, टीव्हीला लावला नाही. म्हणाल्या, आधी एक गोष्ट बघा, फोनवर सांगता आली नसती.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरीला पुढे बोलावलं. सात-आठ वर्षांची, दोन वेण्या, आई भाजीच्या बाजारात बसते. आपांनी फळ्यावर एकेक चित्र दाखवलं आणि पोरीनं खूण केली. पाणी. शाळा. एसटी. सुरेख हात, पडद्यावरच्या बाईसारखे, एकही बोट इकडचं तिकडं नाही. मग आपांनी तराजूचं चित्र दाखवलं. वजन हा शब्द सॉफ्टवेअर बंद पडल्यानंतरचा, बाजाराच्या धड्यातला. दोन्ही तळवे वर करून पारड्यांसारखे धरायचे, एक खाली, एक वर. पोरीनं तळवे वर केले आणि ते थरथरायला लागले. मला वाटलं, पाहुणी आली म्हणून घाबरली असेल. आपांनी दुसऱ्या मुलाला बोलावलं. त्याचेही थरथरले. तिसऱ्याचेही. मग सगळ्या वर्गाला एकदम करायला सांगितलं. दहा-बारा पोरं, वीस-चोवीस तळवे, सगळे थरथरत होते. मग पाणी विचारलं, तर सगळे स्थिर.

"भाव, उधार, मोसंबी, सगळे नवे शब्द असेच करतात," आपा म्हणाल्या. "यांना वाटते, हलणं बी त्या शब्दातच आहे. हिची आई बी घरी असंच करते. पोरीकडून शिकली."

मी पुढे झाले, त्या पोरीचं मनगट धरलं आणि तिचे तळवे स्थिर करून दाखवले, असं, असं कर. तिनं हात सोडवून घेतला. माझ्याकडे असं बघितलं, की जणू या बाईला काहीच येत नाही. मग आपांकडे वळून एकदा पाहिलं, आणि तो शब्द पुन्हा केला, मुद्दाम सावकाश, मला शिकवावं तसा, थरथर जराही न चुकवता.

आपांनी आपले दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. मी तिथे होते तोवर त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.